तुरटीची साक्ष

झाशीस बदली होऊन आलेला मराठी माणूस किल्ला पाहतो, राणीमहालाच्या भिंतींवरील चित्रे पाहतो, सवडीने ओरछ्यास जाऊन येतो. एरचचे नाव मात्र त्यास बहुधा एखाद्या फाइलीतच भेटते. झाशीच्या ईशान्येस, बेतवेच्या काठी वसलेले हे गाव आज लहान आहे. पण त्याचे वय मोठे आहे. पाली वाङ्मयात दशार्ण देशातील एरकच्छ नावाच्या नगराचा उल्लेख येतो, ते नगर हेच असे अभ्यासक मानतात. अकबराच्या अमदानीत आग्रा सुभ्यातील एका सरकारास याच गावाचे नाव होते. आणि गावकऱ्यांस विचाराल तर ते या दोन्ही गोष्टींच्या कितीतरी मागे जातील. एरच ही हिरण्यकशिपूची राजधानी, जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादास बेतवेत लोटून दिले, आणि होलिका त्यास मांडीवर घेऊन अग्नीत बसली ती येथेच, अशी त्यांची श्रद्धा आहे. मुलतानचे आणि आंध्रातील अहोबिलमचे लोकही प्रल्हादकथेवर हक्क सांगतात. या दाव्यांचा निवाडा करण्याचे आमच्या मनात नाही. जी कथा इतक्या गावांना आपली वाटते तिच्यात काही तरी सर्वांच्या घरचे असले पाहिजे, एवढेच आम्ही म्हणतो.

एरचला एक नदी आहे आणि एक अग्नीची कथा आहे. पाण्यात आणि अग्नीत, दोन्हीकडे मनुष्याने ज्या एका वस्तूला कामास लावले आहे, तिच्याविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे. ती वस्तू म्हणजे तुरटी. या मुलुखात तिला फिटकरी म्हणतात.

बेतवा माळव्याच्या काळ्या मातीतून येते. पुढे बुंदेलखंडात शिरल्यावर तिला मार आणि काबर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जमिनींचे पाणी मिळते, आणि आषाढ-श्रावणात तिचा रंग पाहिला की हे पाणी मनुष्य पीत असेल यावर विश्वास बसत नाही. पण पीत आला आहे. नळ येण्यापूर्वी नदीकाठच्या घरांत जी रीत होती ती आपल्या गोदा-कृष्णाकाठच्या घरांतील रीतीहून निराळी नव्हती: हंडा भरून आणावा, तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात चार वेढे फिरवावा, आणि हंडा झाकून ठेवून द्यावा. तासा-दोन तासांनी वरचे पाणी आरशासारखे होते आणि तळाशी चिखलाचा मऊ थर बसतो. खडा पुसून पुन्हा फळीवर जातो. त्याची झीज इतकी सावकाश होते की एका खड्यावर घराचे कित्येक पावसाळे निघावेत.

या खड्याचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंचे मिळून झालेले हे दुहेरी सल्फेट. त्याचे स्फटिक अष्टफलकी, म्हणजे दोन चौकोनी मनोरे पायाशी पाया जोडून ठेवावेत तसे बनतात. शाळेतल्या मुलासही दोऱ्याच्या टोकास बी बांधून ते वाढविता येतात. दिसावयास तो गारेसारखा, पण नखाने ओरखडा काढावा इतका मऊ. थंड पाण्यात तो बेताने विरघळतो आणि उकळत्या पाण्यात भरभरून. त्याच्या वजनाचे शंभर भाग केले तर त्यांतले पंचेचाळीसाहून थोडे अधिक भाग निव्वळ पाण्याचे असतात. ज्याला आपण दगड म्हणून मुठीत धरतो तो जवळजवळ निम्मा पाणी असतो, आणि पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा उलगडा या एका गोष्टीत आहे. पाण्याला इतका सलगीचा असल्यामुळेच निसर्गात तो क्वचित टिकतो. पाऊस त्यास धुऊन नेतो. कोरड्या प्रदेशांत, गुहांच्या आडोशाला किंवा गंधकयुक्त खडकांवर त्याचे पापुद्रे सापडतात. बाजारातली तुरटी मात्र मनुष्याने केलेली असते. सिंधुकाठच्या कालाबागेस आणि कच्छात आशापुरा देवीच्या माता-नो-मढ येथे एके काळी ती मातकट खडकातून काढीत. खडक भाजावा, पाण्याने धुवावा, ते पाणी आटवून क्षार घालून गोठवावे, असा तो उद्योग होता. रसशास्त्राच्या ग्रंथांत तिला सौराष्ट्री म्हटले आहे ते तिच्या गावावरून, आणि तुवरी म्हटले आहे ते चवीवरून. तुवर म्हणजे तुरट.

गढूळ पाणी निवळते त्याचे कारण असे. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, कारण प्रत्येकावर ऋण विद्युद्भार असतो आणि ते एकमेकांस जवळ येऊ देत नाहीत. ॲल्युमिनियमचे धन आयन तिप्पट भाराचे असतात. ते या कणांचा परस्परद्वेष नाहीसा करतात, आणि स्वतः पाण्याशी संयोग पावून एक चिकट, कापसासारखा साका बनवितात. तो साका खाली बसताना वाटेतील सर्व गाळ गोळा करून नेतो. लिटरभर पाण्यास यासाठी काही दहा मिलिग्रॅम पुरतात. मौज अशी की ज्या ॲल्युमिनियमने हे घडते ते मूळचे मातीचेच. चिखलातून निघालेली वस्तू चिखलास तळाशी बसविते. आजही मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत हेच चालते, फक्त तेथे पोटॅशविरहित सल्फेट किंवा त्याच जातीची अन्य लवणे वापरतात.

तिची दुसरी कामे आम्ही ओझरतीच सांगतो. न्हावी दाढीनंतर ती गालावर फिरवितो, कारण तिने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रंगारी तिच्यावाचून लंगडा होतो. झाशीजवळच्या मऊ-रानीपुरास खारुआ नावाचे तांबडे कापड प्रसिद्ध होते. त्याचा रंग आलीच्या, म्हणजे आपल्या बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळांतून निघे, आणि तसला रंग धाग्याला धरून राहण्यास तुरटी लागते. युरोपातही रंगाऱ्यांची हीच गरज होती. पंधराव्या शतकात तोल्फा येथे तुरटीच्या खाणी सापडल्या, त्या पोपच्या राज्यात. तेव्हा तुर्कांची तुरटी घेणाऱ्या ख्रिश्चनास धर्मबहिष्काराची धमकी देण्यात आली. धर्मयुद्धासाठी पैसा हवा होता, हे खरे. पण एका खनिजाची स्वस्त खरेदी पाप ठरावी, हा तुरटीचा पारलौकिक उपयोग आमच्या बायाबापड्यांस कधी सुचला नसता.

त्यांना सुचला तो निराळा. मूल किरकिरू लागते, दूध टाकते, अंग तापते. मग कोणी वडीलधारी बाई तुरटीचा खडा घेऊन त्याच्यावरून ओवाळते आणि तो निखाऱ्यावर टाकते. खडा वितळतो, बुडबुडतो, फुगतो, आणि थंड झाला की एक पांढरी, हलकी, वेडीवाकडी आकृती हाती येते. तिच्यात नाक, कपाळ, पदर, कुबड असे काही दिसते. आणि जिची नजर लागली तिचे हे रूप, असे म्हणतात. ही रीत उत्तर हिंदुस्थानात आहे, आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि पश्चिमेस पार भूमध्य समुद्रापर्यंत पसरली आहे. एडवर्ड लेन याने इजिप्तमधील लोकांच्या रीतिरिवाजांवर १८३६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कैरो येथील हाच विधी वर्णिला आहे. तुरटी निखाऱ्यावर, मंत्र कुराणातला, आणि आकृती हेवा करणाऱ्याची. भाषा, धर्म आणि राज्ये बदलली तरी शेगडीभोवतीचा प्रश्न बदलला नाही.

या आकृतीचे कारण आता वाचकांनी ओळखलेच असेल. ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांना तुरटी आपल्याच स्फटिकजलात वितळते. उष्णता वाढली की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते. वरचा पापुद्रा चिकट असल्यामुळे वाफ त्यास फुगविते, फोडते, पुन्हा फुगविते. आणि पाणी संपले की जो सांगाडा उरतो ती तुरटीची लाही. वैद्य ती औषधात वापरतात. वाफेने जिकडे वाट काढली तिकडे नाक झाले. तोच खडा दोन तुकडे करून दोन शेगड्यांवर ठेवला तर दोन निरनिराळ्या बायकांवर आळ येईल.

येथे सुशिक्षित माणूस थांबतो. हा अंधविश्वास आहे असे म्हणतो, आणि विषय मिटला असे समजतो. आम्हांस मात्र तो येथे सुरू झाला असे वाटते. कारण केवळ खोटे मानणे हा जर दोष असेल, तर तो आपणां सर्वांच्या घरी थोडाबहुत आहे, आणि त्याने फारसे कोणाचे बिघडत नाही. मीठमोहऱ्या ओवाळण्याची आपली रीत घ्या. मीठही पाण्यात विरणारा स्फटिकच. तेही निखाऱ्यावर तडतडते, आणि त्याच्या पोटात अडकलेले पाणी फुटून निघते हेच त्याचेही कारण. पण आपल्या आज्या दृष्ट काढताना जे पुटपुटत त्यात आल्यागेल्याची दृष्ट असे, घरच्याची असे, दारच्याची असे, आणि आईबापाचीही असे. सर्वांची म्हणजे कोणाचीच नव्हे. त्यात काळजी होती, थोडी भीती होती, आपल्याच मायेच्या नजरेविषयीचा एक सुंदर संशयही होता. आरोपी मात्र नव्हता. मीठ तडतडले, मिरचीचा ठसका आला नाही, दृष्ट होती ती गेली, एवढ्यावर प्रकरण संपे. तुरटी मात्र तेवढ्यावर थांबत नाही; ती चेहरा दाखविते. मीठ आणि तुरटी यांत रसायनदृष्ट्या जेवढे अंतर आहे त्याहून हे नैतिक अंतर मोठे आहे. एकात आई आपल्या मुलासाठी काही करते; दुसऱ्यात ती शेजारणीविरुद्ध काही करते, आणि दोन्ही वेळा तिला आपण एकच गोष्ट करीत आहोत असे वाटते.

यावर कोणी म्हणेल की शेगडीभोवतीच्या बायका तो चेहरा इतक्या गंभीरपणे घेत नाहीत. हसतात, अमकीसारखा दिसतो म्हणतात, आणि लाही तिठ्यावर टाकून देतात. हे आम्हांस मान्य आहे. मूल दुसऱ्या दिवशी खेळू लागले तर ती थट्टाच असते. पण ताप उतरलाच नाही तर? तेव्हा त्या थट्टेतला चेहरा आठवतो. आणि तो कोणाचा असतो याचाही विचार करावा. तो जमीनदाराच्या बायकोचा किंवा तहसीलदारीणबाईंचा असल्याचे सहसा ऐकू येत नाही. तो एकट्या राहणाऱ्या विधवेचा असतो, मूल नसलेलीचा असतो, जिच्याशी बांधावरून भांडण आहे तिचा असतो. वाफेला कोणाचा हेवा नसतो; पाहणाऱ्यांना असतो, आणि लाहीत नाक-डोळे तेच भरतात. अशाच संशयातून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर घालविण्यात आले, जीव घेण्यात आले, म्हणूनच बिहारला १९९९ साली, छत्तीसगढला २००५ साली यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. महाराष्ट्रात तो कायदा २०१३ साली झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली होती, हे आपण विसरलो नाही. त्या कायद्याने आईच्या मीठमोहऱ्यांस हात लावलेला नाही. अमकी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असे जाहीर करणे मात्र गुन्हा ठरविले आहे. ही सीमारेषा योग्य ठिकाणी ओढली गेली असे आमचे मत आहे.

आमच्या बहुतेक वाचकांचा दिवस कागदपत्रांत जातो, तेव्हा हाच प्रश्न पुराव्याच्या बाजूने पाहणे त्यांस अधिक सोयीचे वाटेल. अग्नीला साक्षीस बोलावण्याची रीत आपल्या न्यायशास्त्रातही होती. तिला दिव्य म्हणत. याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली. मराठेशाहीत उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य चाले. आज आपणांस ते क्रूर वाटते, आणि ते होतेच. तथापि त्या क्रौर्याभोवती काय काय बांधून ठेवले होते ते पाहावे. लेख, भोग आणि साक्षी यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तरच दिव्याकडे वळावयाचे. मोठ्या दिव्यांत आरोप करणाऱ्याने, आपण खोटे ठरलो तर दंड भोगण्याची जोखीम आधी पत्करावयाची. आरोपी समोर हवा, तो काय म्हणतो ते ऐकले पाहिजे, पंच पाहिजेत. अग्निदिव्याच्या वेळी हातावर भात चोळून आधीच्या खुणा पाहून ठेवीत, कारण अग्नीला फसविता येते हे त्या जुन्या धर्मशास्त्र्यांस पक्के माहीत होते.

तुरटीच्या दिव्यात यांतले काय उरते? जिच्यावर आरोप आहे ती हजर नसते. कित्येकदा तिला आपल्यावर खटला चालला आहे याचीही वार्ता नसते. तिचे म्हणणे ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. आरोप करणारीस कसलीही जोखीम नाही. आणि पंच म्हणून बसतात त्या त्याच घरच्या. याज्ञवल्क्याने हे दिव्य म्हणून मान्य केले नसते. आपल्यातील ज्यांच्या टेबलावर निनावी अर्ज येतात त्यांस ही जात ओळखीची वाटेल. सही नाही, तारीख नाही, वादीचा पत्ता नाही, आणि तरीही वाचल्यानंतर ज्याचे नाव त्यात असते त्या सहकाऱ्याकडे पहिल्यासारखे पाहता येत नाही. निनावी अर्ज केराच्या टोपलीत टाकणारा अधिकारी घरी येऊन लाहीतला चेहरा निरखू लागला, तर त्याच्या शिक्षणाचा कोणता भाग कचेरीतच राहिला असे म्हणावे?

प्रल्हादाची कथा येथे पुन्हा आठवते. एरचच्या लोकांस ती आपल्या मातीतली वाटते, आणि तिच्यातही अग्नीच साक्षीदार आहे. पण त्या कथेत आरोपी अग्नीच्या मधोमध आहे. त्याचे म्हणणे साऱ्या जगाने ऐकले आहे. आणि जी जळून जाते ती आरोप करणाऱ्यांच्या बाजूची, वराच्या भरवशावर निर्धास्त बसलेली. त्या अग्नीला डोळे होते. ज्या कवींनी तो तसा कल्पिला त्यांना, निर्दोष मूल जळू नये, ही मनुष्याची इच्छा ठाऊक होती. शेगडीतल्या निखाऱ्याला डोळे नाहीत. त्याच्यापुढे गुन्हेगार आणि निर्दोष यांत फरक पडत नाही, फरक पडतो तो ओल्यासुक्यात. आणि फरक पाडावयाचाच तर तुरटीच पाडू शकते: इसवी सनापूर्वी ८६ च्या सुमारास रोमन सेनापती सुल्ला याने पिरीअस बंदरास वेढा घातला असता तेथील एक लाकडी बुरूज काही केल्या पेटेना, कारण आर्किलेअसने त्याच्या लाकडांना तुरटी फासली होती, अशी हकीकत ऑलस गेलिअस नावाच्या लेखकाने नोंदविली आहे. हकीकतीत मीठमसाला असेल. पण लाकूड व कापड लवकर पेटू नये म्हणून तुरटीचा उपयोग होतो हे खरे. होलिकेच्या वस्त्राचा उलगडा यावरून करू पाहणाऱ्यांस आमचा नमस्कार. कथेला रसायनशाळेत नेल्याने कथाही जाते आणि रसायनही हाती लागत नाही.

आता विवेकवाद्यांसही थोडे सांगावयाचे आहे, नाहीतर न्याय एकतर्फी होईल. तुरटीचे पाण्यातले काम खरे आणि अग्नीतले खोटे, अशी वाटणी करून आपण निश्चिंत होतो. पण पाण्यातल्या कामातही एक फसवणूक लपलेली आहे. निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. साका खाली बसताना गाळाबरोबर पुष्कळ जंतूही नेतो. पण सर्व नेत नाही, आणि मागे राहिलेल्यांस तो मारीत नाही. पटकी आणि विषमज्वर यांचे जंतू आरशासारख्या पाण्यातही सुखाने राहतात. म्हणून निवळलेले पाणी उकळावे लागते, किंवा त्यात क्लोरीन द्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तुरटी फिरविलेले पाणी निर्धास्तपणे मुलांस पाजले, मुले आजारी पडली, आणि पाणी तर स्वच्छ होते असे डोळ्यांनी पाहिल्यामुळे दोष दुसरीकडे शोधला गेला. हंड्यातल्या खड्यावर नको इतका विश्वास टाकला, म्हणून शेगडीतल्या खड्याची गरज पडली! या दोन विश्वासांत आम्हांस नात्याचा एक धागा दिसतो. दोन्हीकडे डोळ्यांना जे दिसले त्यास पुरे मानले गेले. पाण्यात काही दिसले नाही म्हणून तेथे काही नाही, आणि लाहीत काही दिसले म्हणून तेथे कोणी आहे.

मनुस्मृतीतील एक दाखला येथे फार उपयोगी पडतो. संन्याशाच्या प्रकरणात मनू म्हणतो की कतकाचे, म्हणजे आपल्या निवळीचे, फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. त्याला सांगावयाचे होते ते आश्रमाच्या बाह्य चिन्हांविषयी. भगवी वस्त्रे म्हणजे वैराग्य नव्हे, हे त्याचे तात्पर्य. आमचे लक्ष मात्र त्या ‘नाव घेण्या’कडे जाते. आपल्या भाषेत नाव घेणे म्हणजे उच्चारणेही आणि आळ घेणेही. मूल आजारी असता शेजारणीचे नाव घेणे, हा कतकाचे नाव घेण्याचाच एक प्रकार आहे. हंडा गढूळ तो गढूळच राहतो. निवळीची बी असो की तुरटीचा खडा, पाण्यात उतरून काम करावे लागते. आणि ते करताना ही माती कोणाच्या शेतातून वाहून आली, असे तो खडा विचारीत नाही.

शेगडी आता सरकारी क्वार्टरांतून हद्दपार झाली आहे, आणि तुरटीचा हंडाही. पाणी यंत्रातून येते. पण तुरटी गेली नाही. ती बाथरूमच्या कोपऱ्यात काचेच्या वाटीत येऊन बसली आहे. वास्तुतज्ज्ञ सांगतात की ती घरातील ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषून घेते, आणि महिन्याभराने तिची चकाकी गेली, वर पांढरी पूड धरली, की ऊर्जा भरपूर शोषली गेली असे समजून खडा बदलावा. कोरड्या हवेत तुरटीचे स्फटिकजल हळूहळू उडून जाते आणि तिच्या अंगावर पूड धरते. बुंदेलखंडाच्या मे महिन्यात ते अधिकच व्हावयाचे. पलीकडच्या खोलीत गुलाबी सैंधवाचा दिवा असतो. तो हवा शुद्ध करणारे आयन सोडतो असे दुकानदार म्हणतो. पंधरा वॅटच्या दिव्याच्या उबेने मिठाचे आयन सुटत नसतात. या नव्या प्रकाराबद्दल आमचे मत थोडे सौम्य आहे, कारण यात एक सुधारणा आहे: ऊर्जेला चेहरा नाही, आडनाव नाही. नुकसान झाले तर खिशाचे. पण हे फार काळ टिकत नाही. ऊर्जा नकारात्मक आहे हे एकदा मान्य केले की ती कोणाच्या येण्याने येते हा प्रश्न फार दूर राहत नाही, आणि मग अमुक मैत्रीण येऊन गेली की घर जड वाटते, स्वयंपाकीण आली तेव्हापासून आजारपण सुरू झाले, अशी वाक्ये इंग्रजी शाळेत शिकलेल्या तोंडांतून ऐकू येऊ लागतात. काचेच्या वाटीतूनही शेवटी चेहरा निघतोच. फक्त त्यास निखारा लागत नाही.

परमुलुखात नोकरी करणाऱ्याने या सर्वांत कसे वागावे, हा प्रश्न खरा आहे. शेजारची बाई आपल्या मुलासाठी राई-नोन उतरून गेली असता तिला रसायन सांगत बसणे म्हणजे तिच्या मायेचा अपमान करणे होय. असला उर्मटपणा साहेबाच्या राज्यात पुष्कळ झाला. तो आपण चालवू नये. तिच्या ओवाळण्याला मान तुकवावी, आणि मुलाला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी द्यावी. या दोन्हींत विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. पण लाही हातात घेऊन ही कोणासारखी दिसते असे कोणी विचारले, तर तेथे मात्र सौजन्य म्हणून मान हलविता कामा नये. साहेबाने होय म्हटले, हे वाक्य खेड्यात फार लांबवर जाते, आणि ज्या घरापर्यंत ते पोहोचते त्या घरातील बाईच्या पाठीशी उभे राहण्यास साहेब तोपर्यंत बदलून गेलेला असतो.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९२६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्याचे सहकारी घटसर्पाच्या लशीवर काम करीत होते. निर्विष केलेले घटसर्पाचे विष तुरटीच्या साह्याने साक्याच्या रूपात आणून टोचले, तर शरीरात प्रतिकारशक्ती कितीतरी अधिक उत्पन्न होते, असे त्यांस आढळले. हंड्याच्या तळाशी बसणाऱ्या साक्याचाच हा भाऊ. तेव्हापासून ॲल्युमिनियमची लवणे लशींत वापरली जात आहेत. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यासाठी आपल्याकडे मुलांना जी लस देतात तिच्यातही ती असतात. ज्या मुलावरून आजीने तुरटी ओवाळली, त्याच मुलाच्या मांडीत परिचारिका तुरटीचीच एक नातलग सुईने सोडते. टोचल्या जागी कधी कधी बारीकशी कठीण गाठ येते आणि आई घाबरून ती दाखवावयास आणते. काही दिवसांनी ती आपोआप विरते. तिचा आकार कोणासारखा आहे, असे मात्र अजून कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.